साथ पुढे, लस मागे

फ्लूची लस घेतलेल्या माणसालाही फ्लू होतो. लशीबद्दलचा निम्मा अविश्वास या एका वाक्यात आहे आणि ते वाक्य खोटे नाही. मात्र घशात विषाणू शिरणे, ताप येऊन चार दिवस अंथरूण धरणे आणि दम लागून ऑक्सिजनच्या खाटेवर जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लस या तिन्हींना सारख्या जोराने अडवत नाही. महासाथीत आरोग्य खात्याला काळजी असते ती तिसरीची, कारण ताप घरी निघतो आणि खाटा मोजक्या असतात.

हा हिशोब नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत जास्त स्पष्ट दिसतो. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती, लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्ही मिळून तालुके २६. गंभीर रुग्णाला शेवटी जिथे नेले जाते अशी मोठी सरकारी ठिकाणे दोनच: विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. विष्णुपुरीला हिंगोली, परभणी, यवतमाळचे आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातले रुग्णही येतात. किनवटचा रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून उपजिल्हा रुग्णालयात, आणि 'नांदेडला न्या' असे सांगितल्यावर सव्वाशे किलोमीटरहून अधिक रस्ता कापतो. त्याआधीचे दोन-तीन दिवस बहुतेक वेळा दुखणे अंगावर काढण्यात गेलेले असतात. अशा मुलखात लशीने वाचवलेली एक खाट शहरातल्या खाटेपेक्षा महाग पडते.

टक्केवारी कशी निघते

लशीने दाखल होणे टळले, हे सिद्ध करणे वाटते तितके सोपे नाही. लस घेतलेले आणि न घेतलेले लोक समोरासमोर ठेवून कोण किती दाखल झाले ते मोजले, तर उत्तर हमखास फसवे येते. लातूर शहरात खासगी दवाखान्यात दीड-दोन हजार रुपये मोजून लस घेणारा माणूस ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जातो, त्याची मधुमेहाची गोळी चुकत नाही, घरात गाडी असते. जळकोट तालुक्यातल्या शेतमजुराशी त्याची तुलना केली तर पैशाने केलेले काम लशीच्या नावावर जमा होते.

यावर संशोधकांनी काढलेला तोडगा साधा आहे. श्वसनाच्या तीव्र संसर्गाने, म्हणजे डॉक्टर ज्याला 'सारी' म्हणतात त्या आजाराने दाखल झालेल्या सगळ्यांचा स्वॅब घ्यायचा. काहींत फ्लूचा विषाणू सापडतो, काहींत दुसरेच काही. मग दोन्ही गटांत लस घेतलेले किती, ते पाहायचे. लस निरुपयोगी असेल तर दोन्हीकडे प्रमाण सारखे निघेल. ती उपयोगी असेल तर फ्लूवाल्या गटात लस घेतलेले कमी सापडतील. दोन्ही गट रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचेच असल्यामुळे ऐपत, अंतर आणि डॉक्टरकडे जाण्याची सवय यांचा फरक बराचसा पुसला जातो. गेल्या दीड दशकातले बहुतेक आकडे याच रीतीने निघालेले आहेत.

नेहमीच्या हंगामी फ्लूचे आकडे आधी पाहावेत. प्रौढांच्या दाखल होण्याबद्दल जगभर झालेल्या अशा अभ्यासांचे २०१७ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यात लशीची परिणामकारकता सरासरी ४१ टक्के निघाली. १८ ते ६४ या वयात ती ५१ टक्के होती, ६५ च्या पुढे ३७. विषाणूच्या प्रकारानेही फरक पडला: २००९ नंतर रुळलेल्या एच१एन१ विरुद्ध ४८ टक्के, एच३एन२ विरुद्ध ३७. ज्या म्हाताऱ्या माणसाला लशीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच शरीरात ती सर्वांत कमी चालते. फ्लूच्या लशीचे हे जुने दुखणे आहे आणि महासाथीतही ते पिच्छा सोडत नाही.

दक्षिण अमेरिकेतले देश जी 'दक्षिण गोलार्धाची' लस वापरतात, तिचा महाराष्ट्राशी थेट संबंध पुढे येईल. अर्जेंटिना, ब्राझील, चिली, पॅराग्वे आणि उरुग्वे या देशांत वृद्ध, लहान मुले आणि जुने आजार असलेल्यांचे दाखल होणे या लशीने २०२३ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांनी कमी केले. २०२४ मध्ये सुमारे ३५ टक्क्यांनीच. देश तेच, गट तेच, एका वर्षात एवढी घसरण. म्हणून एखाद्या वर्षाचा आकडा दाखवून 'लस चालते' किंवा 'चालत नाही' असे ठोकून देण्यात अर्थ नसतो.

टक्क्यांचा अर्थही नीट घ्यावा लागतो. ५० टक्के परिणामकारकता म्हणजे शंभरांतल्या पन्नासांना कवच मिळाले आणि उरलेले उघडे पडले, असे नव्हे. समजा, मधुमेह असलेल्या एक हजार माणसांपैकी लस नसताना एका पावसाळ्यात दहा जण दाखल झाले असते. लस दिल्यावर पाच होतील. दाखल होण्यापासून वाचलेले पाच कोण, हे कधीच दिसत नाही, आणि दाखल झालेले पाच 'लस घेऊनही आलो' म्हणून सगळ्यांना दिसतात. या पाचांच्या बाबतीतही लस अगदी वाया जात नाही. दाखल झालेल्या प्रौढ फ्लूरुग्णांवरच्या अभ्यासांच्या २०२१ मधल्या एकत्रित विश्लेषणात, लस घेतलेल्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागण्याची शक्यता २६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. व्हेंटिलेटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तिथे हा दुसरा फायदा पहिल्याच्या तोडीचा ठरतो.

महासाथ वेगळी का

हंगामी लस आदल्या वर्षीच्या विषाणूंवरून बेतलेली असते. विषाणू दरवर्षी थोडा बदलतो, लस थोडी मागे राहते, तरी दोघांची ओळख पूर्णपणे तुटत नाही. महासाथीचा विषाणू मात्र प्राण्या-पक्ष्यांतून आलेले नवे आवरण घेऊन येतो. जुनी लस त्याला ओळखतच नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत २००९ च्या महासाथीच्या काळात एक मोठी चाचणी चालू होती. मुलांना हंगामी लस द्यायची आणि गावाला काय फायदा होतो ते पाहायचे, अशी तिची आखणी. २००९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लशीत महासाथीचा विषाणू नव्हता आणि गावांत तोच फिरत होता. पहिल्या वर्षी फायदा जेमतेम पाव निघाला. लशीतले विषाणू बदलल्यावर तिसऱ्या वर्षी तो साठ टक्क्यांच्या जवळ गेला.

तेव्हा महासाथीत नवी लस बनवावी लागते. विषाणू हाती आल्यापासून पहिल्या कुप्या बाहेर पडेपर्यंत पाच-सहा महिने जातात. आजही बहुतेक फ्लू लशी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार होतात. अंडी अगोदर सांगून ठेवावी लागतात, विषाणू अंड्यात नीट वाढेल असा घडवावा लागतो, मग चाचण्या, मग परवाने. याच पाच-सहा महिन्यांत महासाथीची पहिली लाट, कधी कधी दुसरीही, गावे पालथी घालून जाते.

२००९ च्या महासाथीत तयार झालेली लस गुणाने वाईट नव्हती. त्या लशींवरच्या अभ्यासांचे २०१७ मध्ये जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आजार टाळण्यात ती सुमारे ७३ टक्के आणि रुग्णालयात दाखल होणे टाळण्यात सुमारे ६१ टक्के परिणामकारक ठरली. दुसऱ्या आकड्याची शास्त्रीय खात्रीची मर्यादा १४ ते ८२ टक्के एवढी रुंद आहे, कारण लस वेळेत मिळालेले आणि तरी दाखल झालेले रुग्ण अभ्यासापुरतेही फार नव्हते. युरोपात वापरलेल्या, प्रतिकारशक्तीला चेतवणारे द्रव्य मिसळलेल्या लशी मुलांत आणि तरुणांत विशेष चालल्या, पन्नाशीपुढच्यांत कमी. हंगामी लशीच्या ४१ टक्क्यांशी ताडून पाहिले तर महासाथीची लस उजवीच दिसते. नेमका विषाणू घेऊन बनवल्यामुळे तसे व्हावे यात नवल नाही.

पण लस चांगली असणे आणि लशीने रुग्णालये वाचणे यांच्यामध्ये तारीख उभी असते. अमेरिकेचा हिशोब त्यासाठी पाहण्यासारखा आहे. तिथे पहिले डोस ऑक्टोबर २००९ च्या सुरुवातीला मिळाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लाट शिखराला पोचली. पुढच्या महिन्यांत सुमारे आठ कोटी लोकांना लस दिली गेली. एवढे करून त्या मोहिमेने टाळलेल्या रुग्णालय-भरतीचा अंदाज निघाला ४ हजार ते १० हजार. त्या वर्षभरात या विषाणूने तिथे दाखल झालेले लोक होते सुमारे २ लाख ७४ हजार. व्यक्तीच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास चालणारी लस देशाच्या पातळीवर दीड ते चार टक्केच खाटा वाचवू शकली. आठ कोटी डोस, जगातली सर्वांत श्रीमंत यंत्रणा, आणि हातात एवढेच. लशीला कुणी दोष देऊ शकत नाही. ती लाटेच्या पाठीमागून आली.

१९५७ च्या आशियाई फ्लूच्या वेळी मॉरिस हिलमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हाँगकाँगच्या साथीची बातमी वाचूनच धोका ओळखला, विषाणू मिळवला आणि कंपन्यांना कामाला लावले. वर्षअखेर अमेरिकेत सुमारे चार कोटी डोस तयार होते. तीच साथ भारतात त्या वर्षीच्या मे महिन्यात बोटीने मद्रासला उतरली होती. पुढच्या काही महिन्यांत देशात ४४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि इथल्या माणसापर्यंत लस पोचण्याचा प्रश्नच आला नाही.

१९१८ बद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा फ्लूचा विषाणूच कुणाला ठाऊक नव्हता, माणसातला विषाणू वेगळा काढला गेला १९३३ मध्ये. मराठी मुलखात त्या साथीला 'मानमोडी' म्हणत. मुंबईत जूनमध्ये पहिली लाट आली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी आणि जास्त मारक. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. उपाशी शरीरावर ताप आला. नांदेड जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारा लातूरचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३४ लाख होती, १९२१ मध्ये ती १ कोटी २५ लाखांवर आली. या घटीत प्लेग आणि दुष्काळाचाही वाटा आहे, तरी मोठा घाव मानमोडीचाच मानला जातो.

२००९: पुणे ते मराठवाडा

नवा एच१एन१ विषाणू, म्हणजे 'स्वाइन फ्लू'चा, एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात ओळखला गेला. भारतातला पहिला रुग्ण १६ मे रोजी हैदराबादेत सापडला, म्हणजे नांदेडकर मोठ्या दुखण्यासाठी ज्या शहराची वाट धरतात तिथेच. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू. पुढचे काही आठवडे पुण्यात शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, तोंडाला रुमाल, आणि नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा. पुण्यात शिकायला-कामाला असलेली मराठवाड्यातली माणसे सणावाराला गावी येतात, विषाणूला वेगळा रस्ता शोधावा लागत नाही. तपासणीचा भार सुरुवातीला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेवर होता. मराठवाड्यातला नमुना पुण्याला जाऊन अहवाल परत येईपर्यंत रुग्ण एक तर बरा होई किंवा हाताबाहेर जाई.

लशीची तारीख याच्या शेजारी मांडून पाहावी. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने आयात केलेले सुमारे १५ लाख डोस २०१० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आले. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची 'व्हॅक्सिफ्लू-एस' जून २०१० मध्ये बाजारात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची 'नॅसोव्हॅक' जुलैमध्ये आली. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेत घडवलेल्या दुबळ्या विषाणूवर ती आधारलेली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यस्थीने ते तंत्र पुण्याला मिळाले होते. ज्या शहरात देशातला पहिला बळी गेला, त्याच शहरात लस तयार झाली. मधे अकरा महिने गेले. १० ऑगस्ट २०१० रोजी महासाथ संपल्याचे जाहीर झाले.

अर्थात जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे सांगितल्याने इथला पावसाळा थांबला नाही. देशात २००९ मध्ये स्वाइन फ्लूने प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ९८१ मृत्यू झाले होते, २०१० मध्ये १,७६३ झाले. दुसरे वर्ष जास्त वाईट गेले आणि निदान त्या पावसाळ्यात तरी लस बाजारात होती. ती विकत घ्यावी लागत होती, आणि मुखेड-कंधारकडच्या गावांत तिचे नाव पोचण्याआधी पाऊस येऊन गेला.

उशिराने आलेल्या लशीची आणखी एक अडचण असते: घाईबद्दलची शंका. १९७६ मध्ये अमेरिकेत डुकरांतल्या फ्लूची साथ येणार म्हणून साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली. साथ आलीच नाही, आणि गिया-बारे या मज्जातंतूच्या विकाराचे रुग्ण वाढलेले दिसल्याने मोहीम थांबवावी लागली. २००९-१० नंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये 'पँडेमरिक्स' या लशीनंतर मुला-तरुणांत अनावर झोपेच्या विकाराचे प्रमाण वाढल्याचे आढळले. ही लस भारतात वापरली गेली नव्हती. दोन्ही धोके दुर्मीळ होते आणि खरेही होते. ते लपवणाऱ्या आरोग्य खात्यावर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

साथ गेली, विषाणू राहिला

२००९ चा विषाणू नंतर हंगामी होऊन इथेच स्थिरावला आणि महाराष्ट्राला त्याचा खरा फटका महासाथ 'संपल्यावर' बसला. २०१५ मध्ये राज्यात ८,५८३ रुग्ण आणि ९०५ मृत्यू नोंदले गेले. २०१७ मध्ये ६,१४४ रुग्ण, ७७८ मृत्यू. रुग्णांच्या तुलनेत मृत्यू इतके जास्त दिसतात, याचे एक कारण असे की सरकारी नियमानुसार साध्या सर्दी-तापाच्या 'अ' गटातल्या रुग्णाची तपासणीच होत नाही. दम लागलेल्या, दाखल झालेल्या 'क' गटाची होते. म्हणजे हे आकडे मुख्यतः खाटेवर पोचलेल्यांचे आहेत. गावात घरोघरी खोकत बसलेले त्यात नाहीत.

२०१७ हे वर्ष लशीच्या दृष्टीने शिकण्यासारखे आहे. महासाथीपासून लशीत असलेला कॅलिफोर्निया वाण तोवर मागे पडला होता आणि मिशिगन नावाने ओळखला जाणारा बदललेला वाण फिरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्येच दक्षिण गोलार्धाच्या लशीत हा बदल सुचवला होता. जुनी कुपी शीतपेटीत उरली आहे म्हणून ती वापरणे, ही फ्लूच्या बाबतीत काटकसर ठरत नाही. ज्या वर्षीची लस त्या वर्षीच.

२०१५ च्या धक्क्यानंतर महाराष्ट्र सरकारने दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गर्भवती, तसेच मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी दवाखान्यांत मोफत लस द्यायला सुरुवात केली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य मानले जाते. गर्भवतींची निवड योग्यच होती. अमेरिका, कॅनडा, इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात २०१० ते २०१६ या काळातल्या वीस लाखांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लशीने फ्लूमुळे दाखल होणे ४० टक्क्यांनी कमी केलेले आढळले. शिवाय आईची प्रतिद्रव्ये बाळाला मिळतात, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला स्वतःला लस देता येत नाही.

योजना चांगली असली तरी देशाच्या पातळीवर प्रौढांचे फ्लू लसीकरण जवळजवळ नाहीच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय ज्येष्ठ-सर्वेक्षणात ४५ वर्षांवरच्या भारतीयांपैकी दीड टक्क्यांनीच कधीतरी ही लस घेतल्याचे दिसले. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. आशाताईच्या वहीत बाळाच्या लशींचे रकाने असतात. घरातल्या मधुमेही आजीसाठी तसा रकाना नसतो.

कुणाला, केव्हा

भारतात फ्लूचे एकच वेळापत्रक नाही. पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेतल्या डॉ. मनदीप चढ्ढा आणि इतरांच्या अभ्यासाने दाखवले की देशाच्या बहुतेक भागांत फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, काश्मीरसारख्या उत्तरेकडच्या भागात हिवाळ्यात. म्हणून महाराष्ट्रासाठी दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मे मध्ये घेणे सोयीचे. प्रतिद्रव्ये तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ती उतरू लागतात. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुटीत आठवण झाली म्हणून घेतलेली लस पुढच्या जुलैपर्यंत पुरत नाही.

मात्र मराठवाड्याचे गणित इतके सरळ नाही. २०१५ ची साथ जानेवारी ते मार्च या काळात भडकली होती. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला पंजाब-हरियाणातून बारा महिने भाविक येतात, सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरहून येते, आणि शिखांचा होला मोहल्ला हा सण मार्चमध्ये, म्हणजे उत्तरेकडचा हिवाळी हंगाम ओसरत असतानाच असतो. उत्तरेचा विषाणू इथल्या पावसाची वाट पाहत नाही.

एप्रिल-मेचा मुहूर्त आणखी एका कारणाने या भागाला मानवतो. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर या पट्ट्यातली ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यातल्या गर्भवती बाईला गाठायचे तर हीच संधी असते. ऑक्टोबरनंतर तिचा पत्ता उसाच्या फडातली पालाची झोपडी असतो.

लातूर शहराचा प्रश्न उलटा आहे. 'लातूर पॅटर्न' नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षा-तयारीच्या ओढीने राज्यभरातून मुले इथल्या शिकवण्यांना येतात. जून-जुलैमध्ये वर्ग सुरू होतात, एका खोलीत तीन-चार जण राहतात, आणि पावसाळाही तेव्हाच. हंगामी फ्लूच्या दृष्टीने ही सुदृढ मुले बिनधोक गटातली. महासाथीत हे समीकरण बदलते. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयातली धडधाकट माणसे गेली, २००९ मध्येही म्हाताऱ्यांपेक्षा तरुण आणि मध्यमवयीन जास्त दाखल झाले, कारण वृद्धांच्या शरीरात जुन्या मिळत्याजुळत्या विषाणूंची आठवण शिल्लक होती. लशीचा क्रम ठरवताना हंगामी यादी जशीच्या तशी वापरली तर डोस चुकीच्या दंडात जातात. महासाथीचा विषाणू कुणाला खाटेवर पाडतो आहे, ते पहिल्या काही आठवड्यांत पाहूनच क्रम लावावा लागतो. त्यासाठी जिल्ह्यातूनच नोंदी वर गेल्या पाहिजेत.

पुढची साथ

पुढच्या फ्लू महासाथीचा उमेदवार म्हणून एच५एन१ या पक्ष्यांतल्या विषाणूकडे पाहिले जाते. तो या जिल्ह्यांना अनोळखी नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत आणि शेजारच्या परभणीतल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या किवळ्यातही बर्ड फ्लू आढळला. याच लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, हजारो माणसे आणि जनावरे एका माळावर उतरतात. माणसांत हा विषाणू सहज पसरत नाही, त्यामुळे आज घाबरण्याचे कारण नाही. पण जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये अकरा वर्षांच्या मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला. माणसातला तो देशातला पहिला नोंदलेला बळी.

हंगामी लस एच५एन१ पासून फारसे संरक्षण देत नाही. तरी कुक्कुटपालनात काम करणाऱ्यांना ती द्यावी असे तज्ज्ञ सांगतात. एकाच माणसाच्या शरीरात माणसाचा आणि पक्ष्याचा फ्लू एकत्र आला तर दोन विषाणूंच्या जनुकांची अदलाबदल होऊ शकते, आणि महासाथीचा विषाणू घडण्याची ती एक वाट आहे. फिनलंडने २०२४ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन अशा कामगारांना प्रत्यक्ष एच५ ची लस देऊ केली.

लस येईपर्यंतचे पाच-सहा महिने काढायचे कसे, याची उत्तरे कमी दिमाखदार आहेत. ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते. भारतात २०१७ पर्यंत ते 'एक्स' परिशिष्टात असल्याने मोजक्याच औषध दुकानांत मिळे. नंतर नियम सैल झाला. अहवालाची वाट न पाहता धोक्याच्या गटातल्या रुग्णाला औषध सुरू करण्याची मुभा सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने वापरली, तर किनवटच्या रुग्णाची नांदेडवारी टळू शकते. तपासणीचे अंतरही आता घटले आहे. २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातूरच्या शासकीय संस्थेत आरटी-पीसीआर चाचणीची सोय उभी राहिली. तेच यंत्र योग्य रसायने मिळाली तर फ्लूही ओळखते. त्याच काळात उभारलेले ऑक्सिजन प्रकल्प चालू स्थितीत ठेवायला तंत्रज्ञ आणि देखभालीचा निधी दरवर्षी लागतो, आणि तो कोविड ओसरल्यावर आपोआप येत नाही.

कोविडनेही तारखेचाच धडा दिला होता. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले; मार्चअखेरीस नांदेड आणि बीडमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सर्वसामान्यांपैकी साठीपुढचे आणि जुने आजार असलेले ४५ पुढचे लोकच लशीला पात्र होते. १८ ते ४४ वयोगटाला दार उघडले ते १ मे रोजी, दुसरी लाट अंगावर आलेली असताना. त्या वेळी लस देशातच, पुण्यात आणि हैदराबादेत बनत होती. फ्लूच्या पुढच्या महासाथीत अंड्यांऐवजी पेशींत किंवा एमआरएनए तंत्राने लस केली, तर सहा महिन्यांचे तीन-चार होऊ शकतील. कारखान्यातून उपकेंद्राच्या शीतपेटीपर्यंतचे आणि तिथून माणसाच्या दंडापर्यंतचे दिवस मात्र त्यात धरलेले नसतात.